तीन गुणांचे किती गुण?

बास्केटबॉल या खेळाशी माझा तरुणपणी एकदाच संबंध आला होता. कॉलेजच्या मैदानाकडेने जाताना एक चेंडू थेट माझ्या चष्म्यावर आला. त्यानंतर आम्ही दोघांनी एकमेकांची वाट सोडली. पुन्हा गाठ पडली ती गेल्या मार्चमध्ये, अमेरिकेत, लेकीच्या घरी.

लेक नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात असते. जावई मूळचे सांगलीचे. वर्षाचे अकरा महिने हळदीसारखे थंड आणि गुणकारी. पण मार्च लागला, की चॅपेल हिलच्या विद्यापीठाचा फिक्कट निळा शर्ट अंगात चढवतात आणि त्यांच्यातला सांगलीकर नाहीसा होतो. या महिन्यात म्हणे 68 कॉलेजांचे संघ खेळतात आणि जो हरला तो घरी जातो. एका संध्याकाळी पडद्यावर एक सात फुटी पोरगा टोपलीला लोंबकळत होता. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस मी, तोंडातून प्रश्न निसटलाच, "काय हो, या मुलांना मार्क किती पडतात?"

घरात शांतता पसरली. लेक हळूच म्हणाली, "बाबा, या घरात तो विषय नको."

त्याचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. जावयांच्या या लाडक्या विद्यापीठात 1993 ते 2011 अशी अठरा वर्षं काही वर्ग चालले, ज्यांत वर्गच नव्हते. प्राध्यापक नाही, फळा नाही, हजेरी नाही. सत्राअखेर एक निबंध द्यायचा. तो तपासायचा कोणी, तर विभागाच्या कार्यालयातल्या बाईंनी, आणि मार्क द्यायचे सढळ हातानं. तीन हजार शंभराहून अधिक मुलांनी लाभ घेतला आणि त्यांतली जवळजवळ निम्मी खेळाडू. आता शिक्षा काय झाली? कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणारी तिकडची मोठी संघटना, एन.सी.ए.ए., तिनं 2017 साली सांगितलं, की हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, तेव्हा खेळाडूंना खास सवलत दिली असं म्हणता येत नाही. म्हणजे फसवणूक सरसकट असली की ती समता होते! हा युक्तिवाद ऐकून मला प्रथमच अमेरिका आपली वाटली.

मग मी या विषयाच्या मागेच लागलो. निवृत्त माणसाला दुसरं काय असतं! जॉर्जिया विद्यापीठात 2001 साली बास्केटबॉलच्या तंत्रावर एक अभ्यासक्रम होता. शिकवायला संघाचे सहायक प्रशिक्षक. अंतिम परीक्षेत वीस प्रश्न. त्यांतला एक असा, की तीन गुणांच्या बास्केटचे किती गुण मिळतात? सगळ्या वर्गाला 'ए' मिळाला. मला मात्र त्या प्रश्नानं विचारात पाडलं. आपल्याकडे चेंडू टोपलीत पडला तरी गुण, पेपरात पडले तरी गुण आणि माणसाच्या अंगात असले तरी गुणच. ही तीन दुकानं एकाच पाटीखाली चालतात, तेव्हा मालाची अदलाबदल होणारच की!

तसं तिकडच्यांनी नियम करायचं बाकी ठेवलेलं नाही. 1983 मध्ये 'प्रपोझिशन 48' नावाचा ठराव झाला. 1986 पासून तो लागू झाला. हायस्कुलातले ठरावीक 11 विषय, त्यांत सरासरी 2 ग्रेड आणि एस.ए.टी. या परीक्षेत 1600 पैकी 700 गुण. हे नसेल तर पहिल्या वर्षी संघात खेळायचं नाही. (एस.ए.टी.चं मोजमापच 400 पासून सुरू होतं, शून्यापासून नाही. आमच्या वेळी ही सोय असती तर माझं गणित कधीच गेलं नसतं.) पुढे ठराव आला, की असल्या मुलांना शिष्यवृत्तीही द्यायची नाही. तेव्हा जॉर्जटाउनचे प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन 1989 च्या जानेवारीत सामना सुरू होण्याआधी सरळ मैदान सोडून निघून गेले. त्यांचं म्हणणं, ही चाळणी नेमकी गरीब आणि काळ्या पोरांनाच अडवते. शाळा त्यांच्या वाईट, आणि शिक्षा मात्र त्यांना.

वाचून मी थॉम्प्सनांच्या बाजूचा झालो. बरोबर आहे! गणितात पहिल्या आलेल्या मुलाला कोणी म्हणतं का, की बाबा, आधी दोन बास्केट टाकून दाखव, मग सुवर्णपदक घे? आणि 2013 साली कनेक्टिकटच्या संघाला स्पर्धेत घेतलं नाही ते आधीच्या पोरांचं प्रगतिपुस्तक वाईट म्हणून. आजोबांच्या कर्जापायी नातवाच्या घरावर जप्ती! पुढच्याच वर्षी या संघानं अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा मी सोफ्यावर एकट्यानंच टाळी वाजवली. अकरा वर्षं उशिरा, पण वाजवली.

असा आठवडाभर मी उदारमतवादी होतो. मग केव्हिन रॉस भेटला. कागदावरच, पण भेटला.

हा कॅन्ससचा साडेसहा फुटांहून उंच मुलगा 1978 मध्ये नेब्रास्कातल्या क्रेटन विद्यापीठात बास्केटबॉल खेळायला आला. चार वर्षं खेळला. विषय काय घेतले, तर नेमबाजी आणि बास्केटबॉलचे सिद्धांत वगैरे. 1982 मध्ये पदवीविना बाहेर पडला, तेव्हा त्याची भाषा चौथीतल्या मुलाएवढी होती. मग विद्यापीठाच्याच खर्चानं तो शिकागोच्या एका शाळेत गेला आणि चिमुरड्या पोरांच्या शेजारी बसून वाचायला शिकला. पुढे त्यानं विद्यापीठावर खटला भरला. तडजोडीत तो मिटला.

ते वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. त्या बाकाशी माझी ओळख होती.

1979 साली मी एका तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. कबड्डीच्या संघात एक पोरगा होता. चढाईला निघाला, की समोरचे सात जण देवाचं नाव घेत. एफ.वाय.ला माझ्या पेपरात त्याला तेवीस मार्क पडले. तेही मी हस्ताक्षराचे धरून दिले होते. नापास म्हणजे पुढल्या वर्गात प्रवेश नाही, प्रवेश नाही म्हणजे संघात नाव नाही. प्राचार्यांनी बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "जरा सहानुभूतीनं बघा." मी सहानुभूतीनं बघितलं. तेविसाचे पस्तीस झाले. गरिबाचं पोर, त्याचं वर्ष वाचलं, असं मी घरी सांगितलं. ढाल आली तेव्हा फोटोत पोराच्या शेजारी मी उभा होतो, हे सांगितलं नाही. पुढल्या वर्षीही सहानुभूती लागली. नंतर त्यानं कॉलेज सोडलं.

सातआठ वर्षांनी एस.टी. स्टँडवर भेटला. भर गर्दीत वाकून पाया पडला. चहा पाजला, पैसे देऊ देईना. बोलता बोलता कळलं, की कोणाला तरी जामीन राहिला होता. तो माणूस पळाला आणि याची दीड एकर जमीन गेली.

"अरे, पण सही करण्याआधी कागद वाचला नाहीस?"

"इंग्रजीत होता, सर."

मी मास्तराच्या सवयीनं म्हणून गेलो, "मग काय झालं? इंग्रजीत तर तू पास आहेस!"

तो हसला. अगदी मनापासून हसला. "सर, ते तुम्हाला ठाऊकच आहे की."

जावयांना मी हे सांगितलेलं नाही. एन.सी.ए.ए.नं 2023 मध्ये एस.ए.टी.ची अट काढून टाकली. विषय 16 झाले, सरासरी 2.3 झाली. 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना उघड पैसेही देऊ लागली. परवा त्यांचा फोन आला. "बाबा, या मार्चला येताय ना? आपला संघ यंदा चांगला आहे."

मी म्हटलं, "येतो. पण तो टोपलीला लोंबकळणारा उंच पोरगा, त्याला वाचता येतं का, तेवढं विचारून ठेवा."

"बाबा!" मागून लेकीचा आवाज आला.