भरल्या बाटल्यांचा वर्ग

बसा खाली. पुस्तकं मिटा. आज परावर्तनाचे नियम होणार होते, ते उद्या. दप्तरातून पाण्याच्या बाटल्या काढा आणि बाकावर ठेवा. सगळ्यांनी. मागच्या बाकावरच्या, लपवू नकोस, तुझीही काढ.

बघा आता. सकाळी सातला आलात, साडेअकरा वाजले, थोड्या वेळात शाळा सुटेल आणि निम्म्या वर्गाच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या! आई पहाटे उठून बाटली भरते, तुम्ही ती दप्तरातून फिरवून आणता आणि घरी जाऊन तुळशीला ओतता. तुळस टवटवीत आणि तुम्ही सुकलेले. अरे, हे अकोला आहे. एप्रिल चालू आहे. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे गेला तरी इथे कोणाला नवल वाटत नाही. अशा गावात जन्मून पाणी प्यायला कोणी सांगावं लागतं?

परवा कवायतीच्या तासाला एक मुलगी भोवळ येऊन पडली. काल दोघी डोकं धरून आल्या, घरी जायची चिठ्ठी मागायला. सकाळपासून किती पाणी प्यायलात विचारलं, तर एकजण म्हणते, गोळी घ्यायला दोन घोट प्यायले बाई. डोकेदुखीच्या गोळीपुरतं पाणी! त्या डोकेदुखीला गोळी हवी होती की पाणी, हे तरी आधी बघायचं होतं.

‘तहानच लागली नाही बाई.’ हे उत्तर मला कोणी देऊ नका. तहान लागते, तुम्ही तिचं ऐकत नाही. रक्तातलं पाणी कमी होऊन त्यातल्या क्षारांचं प्रमाण एक-दोन टक्क्यांनी जरी वाढलं, तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळतं. तो तहान लावतो आणि दुसरीकडे एक संप्रेरक सोडून मूत्रपिंडांना हुकूम देतो की पाणी राखा. तुमची दोन मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात. बाहेर जाते ती जेमतेम लिटर-दीड लिटर लघवी. तुम्ही पाणी प्यायला नाहीत की तेवढ्यातही काटकसर सुरू होते. लघवी कमी, गडद आणि उग्र वासाची. फिकट पिवळी असेल तर ठीक चाललंय. दाट पिवळी, तपकिरीकडे झुकणारी असेल तर पाणी कमी पडतंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतलीत तर रंग तसाही भडक होतो, तेव्हा लगेच घाबरून दवाखाना गाठू नका. हसायला काय झालं? नववीत उत्सर्जन संस्थेची आकृती काढताना हसत नाही, मग स्वतःच्या लघवीचा रंग बघायला सांगितला तर कसलं हसू येतं?

हिशेब करा. ४५ किलो वजनाच्या मुलाच्या अंगातलं ९०० मिलिलिटर पाणी घटलं म्हणजे वजनाच्या दोन टक्के घट झाली. एवढ्याने माणसाचं लक्ष टिकत नाही, चिडचिड होते, काम हळू होतं. दहा वाजल्यानंतर तुमच्यातले निम्मे फळ्याकडे बघतात पण त्यांना फळा दिसत नाही. मी आतापर्यंत त्याचा दोष तुमच्या मोबाईलला देत होते. मोबाईलचा दोष आहेच, पण एकट्या मोबाईलचा नाही.

आता मुलींनो, तुमच्याकडे वळते. तुम्ही पाणी का पीत नाही ते मला ठाऊक आहे. तुम्ही तोंडाने सांगणार नाही, म्हणून मीच या मुलांसमोर सांगते. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराला कडी नाही. नळाला पाणी येतं तेव्हा येतं. वासाने आत पाऊल टाकवत नाही. मग सोपा उपाय काय, तर पाणीच प्यायचं नाही! सातपासून साडेबारापर्यंत आवळून बसायचं आणि घरी पोचल्यावर दप्तर फेकून आधी मोरीकडे धावायचं. पाळी असेल त्या दिवसांत तर घोटही घ्यायचा नाही. आणि हे तुम्ही मोठं शहाणपण समजून धाकट्या बहिणींनाही शिकवता.

ऐका नीट. बाईच्या शरीरात मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटरच्या आसपास असतो, पुरुषाच्या मानाने फारच आखूड. जंतूंना मूत्राशयापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. लघवीच्या धारेने ते धुऊन बाहेर पडतात, ती शरीराची रोजची साफसफाई. तुम्ही पाणी तोडता, वर लघवी रोखता, म्हणजे जंतूंना आत मुक्काम करायला मोकळीक. मग जळजळ, सारखी शंका, ओटीपोटात कळ. घरी म्हणतात ‘उन्हाळी लागली’ आणि सब्जाचं पाणी देतात. सब्जा खुशाल प्या, गारही वाटेल. पण थंडी भरून ताप आला, कमरेत मागून दुखू लागलं, लघवीत रक्त दिसलं, तर ते सब्जाचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. लाजून चार दिवस काढू नका, संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत चढतो.

बल्गेरियात १४० बायकांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या वारंवार हा संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या. निम्म्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. औषध बदललं नव्हतं. फक्त पाणी वाढवलं होतं.

मुलं का गालात हसताहेत? तुमच्या घरात कोणाला मुतखडा झालाय, हात वर करा. बघा, किती हात! उन्हात घाम जातो, लघवी दाट होते, त्यातले क्षार एकमेकांना धरून खडे होतात. एकदा खडा पडलेल्या १९९ लोकांना इटलीत पाच वर्षं तपासत ठेवलं होतं. भरपूर पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना. काकांना रात्री गडाबडा लोळताना पाहिलं असेल त्याला विचारा, हा फरक थोडा आहे का. आणि मधल्या सुट्टीत गेटबाहेर जी रंगीत बाटली घेता ना, तिच्या दर १०० मिलिलिटरमध्ये दहा ग्रॅमच्या घरात साखर असते. तिला पाणी म्हणायचं नाही. त्या पैशात ताक येतं.

आता दुसऱ्या टोकाचे शहाणे. तुमच्यातल्याच एकाने मला सांगितलं की मामांच्या मोबाईलवर आलंय, पहाटे उपाशीपोटी चार तांबे पाणी प्या, सगळे रोग पळतात. रोग पळत नाहीत. पाण्याने कोणी गोरं होत नाही आणि चेहऱ्यावरचे फोड त्याने हटकून जातात असंही नाही. रोज आठ ग्लासांचा मंत्र बहुधा अमेरिकेतल्या १९४५ सालच्या एका शिफारशीतून आला. त्याच शिफारशीत पुढे लिहिलं होतं की यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं. ते वाक्य कोणी वाचलं नाही. तुमच्या वयाच्या मुलीला सगळं मिळून दिवसाला दोन लिटर, मुलाला अडीच, हा युरोपातला अंदाज. त्यातला साधारण पाचवा हिस्सा वरण, भाजी, ताक, टरबूज यांतून येतो. पण तो अंदाज तिकडच्या हवेतला. इथल्या उन्हात, खेळाच्या दिवशी, जास्त लागणार.

आणि पैज लावून पाणी ढोसायचं नाही. मूत्रपिंडं तासाला फार तर लिटरभर बाहेर टाकू शकतात. त्यापेक्षा जास्त रिचवत गेलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, झटके येतात, जीवही जातो. आजोबांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर घरी जाऊन त्यांना माझं भाषण ऐकवू नका.

राहिली मोठ्यांची कानउघाडणी. दारं लावू नका, बाजूच्या वर्गातल्या सरांनाही ऐकू जाऊ दे. पोरगं करंगळी दाखवतं आणि आपण म्हणतो, ‘तास संपल्यावर जा.’ कशासाठी? पाच मिनिटांत असा कोणता सिद्धांत निसटणार आहे? केरळात २०१९ मध्ये शाळांनी पाण्याची घंटा सुरू केली. दिवसातून तीनदा घंटा वाजली की मुलांनी पाणी प्यायचं. आपल्या स्टाफरूममध्ये त्याचं फार कौतुक झालं, आपणही सुरू करू असं ठरलं. मी विरोध केला, तेव्हा काहींना राग आला. पण आधी दाराला कडी, मग घंटा. मुलीला तीन घंटांना पाणी पाजायचं आणि पाठवायचं कुठे? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पुरेसं, सुरक्षित पाणी शाळेच्या निकषांतच लिहिलंय. ती कोणाची मेहेरबानी नाही. स्नेहसंमेलनाच्या मांडवाला पैसे निघतात, तर कडीलाही निघतील.

मुख्याध्यापकांकडे मी लेखी अर्ज दिलाय: कडी, नळाची जोडणी, झाकणाची बादली, रोज सफाई. शनिवारी पालकसभा आहे. आयांना सांगा, टक्क्यांबद्दल नंतर विचारा, आधी हे विचारा. तोवर शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात राहील. मुलींनी विचारायला यायचं नाही. किल्ली घ्यायची, जायचं, परत ठेवायची. कोणी अडवलं तर माझं नाव सांगायचं.

उघडा बाटल्या. घटाघटा नको, सावकाश. आणि तू, खिडकीतल्या, तुझ्या बाकावर काहीच दिसत नाही. बाटली आणतच नाहीस ना? उद्या आणली नाहीस तर वडिलांना घेऊन ये.