ख्रिस्ताचे वकील

मुर्रीहून गोंदियाच्या कचेरींत खेपा घालणाऱ्यास वकील म्हटला कीं काळा कोट आठवतो. परंतु पेशवाईंत वकील म्हणजे एका दरबाराचा निरोप दुसऱ्या दरबारीं पोहोंचविणारा मनुष्य. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ५ व्या अध्यायांत पौल आपणांस ख्रिस्ताचा वकील म्हणवितो, तो ह्याच अर्थानें.

दोन्ही अर्थांचा असा एक वकील महाराष्ट्रांत होऊन गेला. औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत (१९१२–१९९२) इंग्लंडांत बॅरिस्टर होऊन परतले. त्यांच्या घराण्याचा किताबच ‘प्रतिनिधि’. वकिली थाटण्याऐवजीं ते वडिलांच्या ७२ गांवांच्या संस्थानांत, गांधीजींच्या सल्ल्यानें, कारभार प्रजेच्या हातीं देण्याच्या कामास लागले. १९३९ सालीं तशी घटनाही झाली. ते गृहस्थ ख्रिस्ती नव्हते. तरी राजाच आपण होऊन सत्ता सोडतो हें वाचून आम्हांस फिलिप्पैकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय आठवला.

१९४८ सालीं पंडित नेहरूंनीं त्यांस पूर्व आफ्रिकेंत भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीस धाडिलें. तेथें रेल्वेच्या कामानिमित्त व व्यापारासाठीं गेलेले हिंदी लोक पुष्कळ होते. आपला वकील आपलीच गाऱ्हाणीं मांडील असें त्यांपैकीं कित्येकांस वाटलें असल्यास नवल नाहीं. पण नेहरूंचा निरोप निराळा होता: त्या भूमीवर पहिला हक्क आफ्रिकी लोकांचा. आप्पासाहेबांनीं तोच निरोप दिला, आफ्रिकी पुढाऱ्यांशीं स्नेह जोडिला, त्यांच्या तरुणांस हिंदुस्थानांत शिकावयास पाठविण्याची खटपट केली. इंग्रज अधिकारी रुष्ट झाले, आणि अखेर त्यांस तेथून परत बोलाविण्यांत आलें. पुढें त्यांनीं इंडोनेशिया, इजिप्त, इंग्लंड वगैरे देशांत वकिलात केली; परंतु आमच्या मतें त्यांची खरी कसोटी नैरोबीसच झाली.

आतां आमची गोष्ट. मंडळीच्या स्मशानभूमीसाठीं, प्रार्थनामंदिराच्या रस्त्यासाठीं आम्ही किती अर्ज केले! शेजारच्या वस्तींतला हातपंप मात्र उन्हाळाभर बंद होता. तेथील बायका आमच्या दारावरून घागरी घेऊन जात, आणि आम्ही उपासनेस जात असूं. ज्यानें आम्हांस पाठविलें, त्याचा निरोप त्यांस कोणता पोहोंचला असेल? आमच्यांत अर्ज लिहितां येणारे चौघे तरी आहेत. धानाची कापणी उरकतांच त्यांनीं त्या वस्तींत जाऊन बसावें, तेथील लोकांनीं सांगावें आणि आमच्या लोकांनीं लिहावें, असें आम्हीं गेल्या रविवारीं ठरविलें आहे. कचेरीच्या खेपाही आम्हीच घालूं.