साखरेतले विष

फराळाला मुंग्या लागल्या की आमच्याकडे लाडवांचा डबा पाण्याच्या परातीत उभा राहतो. हे वैर मला मान्य आहे. खंदकात कपट नसते. मुंगीने मागे ठेवलेला वास साबणाच्या पाण्याने पुसून तिची वाट मोडणेही मी समजू शकतो. पण साखरेच्या पाकात टाकणखार कालवून ठेवणे काही गळी उतरत नाही. उपाय हमखास, यात शंका नाही. मुंगीला पोटे दोन: एक स्वतःचे, दुसरे साऱ्या वारुळाचे. सापडलेला गोड रस ती घरी नेऊन तोंडाने इतरांना भरवते, अळ्यांना, राणीलासुद्धा. म्हणजे आपण हत्यार करतो ते तिच्या वाटून खाण्याचे! चिरडलेली मुंगी निदान एकटी मरते.

आमच्या सौ. म्हणाल्या, “बरं, मग रात्रभर लाडू तुम्हीच राखा.”