शेजारच्या खोलीला वायफाय

महापे गावठाणात काकांच्या भिंतीला लागून त्यांनीच भाड्यानं दिलेली खोली आहे. तिथली मुलगी बारावीनंतर नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते. तिच्या आईनं वायफाय मागितलं. मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये नोकरी करणारी पुतणी म्हणाली, देऊ नका.

काका : का? मोबाइलचा डेटा व्हिडिओ क्लासमध्येच संपतो तिचा. आपलं नेट दिवसभर पडून असतं.

पुतणी : सानपाड्याचं आठवतं ना? 26 जुलै 2008. अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी गेलेला धमकीचा मेल तिथल्या एका अमेरिकन रहिवाशाच्या वायफायवरून गेला होता. पासवर्डच नव्हता. एटीएस त्याच्या घरी पोचली. त्याचा संबंध नव्हता, पण चौकशी त्यालाच भोगावी लागली.

काका : त्यानं कुणाला दिलं कुठे होतं? कुणीतरी परस्पर वापरलं. मी ओळखीच्या पोरीला देतोय.

पुतणी : बाहेरून हा फरक दिसत नाही, काका. राउटरमागची सगळी यंत्रं एकाच आयपी पत्त्यानं बाहेर जातात. गेस्ट नेटवर्क दिलं, तर आपला कॉम्प्युटर तिच्यापासून वेगळा राहील, एवढंच. पत्ता तोच. तुम्ही तिला जामीन राहताय.

काका : राहतो की. खोली दिली तेव्हा पोलिसांत भाडेकरूची नोंद केलीच होती.

पुतणी : मग राउटरची नोंदही चालू ठेवा. कोणत्या साइट उघडल्या ते कळेल.

काका : म्हणजे त्या पोरीनं रात्री काय शोधलं ते मी बघायचं?

पुतणी : पानं दिसत नाहीत. साइटचं नाव दिसतं फार तर.

काका : नावावरून काय कमी कळतं? आजार कळतो, नोकरीची धडपड कळते, मनातली भीतीसुद्धा कळते. तिच्या आईनं नेट मागितलं, पोरीवर माझी नजर नाही मागितली.

पुतणी : डिसेंबर 2020मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर झाली, तिच्यात हे कोडं वेगळ्या तऱ्हेनं सोडवलंय. किराणावालासुद्धा परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतो, पण वापरणाऱ्याची ओळख पटवणं आणि हिशेब ठेवणं दुसऱ्या संस्थेकडे असतं. घरी दोन्ही तुम्हीच.

काका : तीच तर अडचण आहे. जबाबदारी माझी म्हणून डोकावलो, तर उद्या जिन्यात भेटल्यावर तिच्या नजरेला नजर कशी देऊ? अन् नाही डोकावलो, तर तू म्हणशील बेफिकीर.

पुतणी : बेफिकीर नाही म्हणणार. पण तुम्ही काय पत्करताय ते तिलाही कळू दे. गेस्ट नेटवर्क द्या, पासवर्ड पुढे कुणाला द्यायचा नाही हे सांगा. पैसे घेऊ नका, घरगुती कनेक्शन विकायचं नसतं.

काका : सांगतो. पत्ता माझ्या नावाचा आहे हेही सांगतो. नोंद मात्र बंद.

पुतणी : उद्या कुणी विचारायला आलं तर दाखवायला काही नसेल.

काका : कुणाला दिलंय ते सांगेन.

पुतणी : तेवढ्यानं चौकशी टळणार नाही.

काका : नाही टळणार. तू ते गेस्ट नेटवर्क करून दे मला.