संकटसमय वगळून

देवनारला राहायला आल्याला मला आता तीस वर्षे होत आली. आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहून पूर्वेकडे पाहिले तर तीन गोष्टी एकदम दिसतात: डम्पिंगचा डोंगर, त्यामागे तिवरांची काळसर हिरवी रेघ, आणि त्या रेघेमागे ठाण्याच्या खाडीचे पाणी. पाणी पाहायचे तर नजर डोंगरावरूनच न्यावी लागते. 1927 सालापासून मुंबईने जे जे टाकून दिले त्याचा तो डोंगर. थंडीत पहाटे मतलई वारा सुटला म्हणजे त्याचा वास आमच्या चहाच्या कपापर्यंत येतो. आम्हाला सवय झाली आहे. पाहुण्यांना ती होत नाही, आणि पाहुणे फार दिवस राहतही नाहीत.

या गच्चीवर बसून मी गेले दोन महिने ग्रीसचा नकाशा वाचतो आहे.

झाले असे की, माझा भाचा हाम्बुर्गला नोकरीस असतो. तिकडे त्याला शिडाच्या बोटीचा नाद लागला, रीतसर परीक्षा देऊन त्याने परवाना मिळवला, आणि गेल्या गणपतीत त्याचा फोन आला, "मामा, येत्या जूनमध्ये आपण सगळे आठ दिवस बोट भाड्यानं घेऊ. ग्रीसची बेटं हिंडू. आईलाही आणा. तुम्ही नाही म्हणू नका." सगळे म्हणजे तो, त्याची बायको, अकरा वर्षांची मुलगी, माझी थोरली बहीण आणि आम्ही दोघे. चाळीस फुटांची बोट, आठ माणसांची सोय, आठवड्याचे भाडे तीन हजार युरोंच्या घरात. तीन लाखांच्या वर गेले, पण ते तोच देणार. आमच्याकडे विमानाचे तिकीट, व्हिसा आणि चिवडा.

प्रवासापेक्षा प्रवासाची आखणी गोड असते असे मला नेहमीच वाटत आले आहे. पासष्टी उलटल्यावर तर आखणीच काय ती पुरती आपली. मी नकाशात बुडून गेलो. या बोटी बहुधा शनिवार ते शनिवार भाड्याने देतात. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा दिवसचे दिवस वाहतो, आणि नवशिक्यांनी त्याच्या वाटेस न जावे; पश्चिमेच्या आयोनियन बेटांत वारा दुपारी उठतो आणि संध्याकाळी बसतो, शहाण्या माणसासारखा. एक सागरी मैल म्हणजे 1852 मीटर. धक्क्याला बोट लावायची ती पुढे नांगर टाकून, पाठमोरी. आणि मला सर्वांत नवल वाटले ते हे की त्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. आमच्या खाडीत ओहोटी लागली की कोसभर चिखल उघडा पडतो, मुंबईचे उधाण पंधरा फुटांवर जाते. तिकडे पाणी सकाळी जेथे तेथेच संध्याकाळी. ज्या समुद्राला आत-बाहेर करणे ठाऊक नाही त्याच्या काठच्या लोकांनी एवढे तत्त्वज्ञान कसे काय केले कोण जाणे.

भाच्याने लेफ्काडा, मेगानिसी, इथाका, केफालोनिया असा मार्ग सुचवला. इथाका म्हणजे ओडिसिअसचे घर. वीस वर्षांनी घरी पोचलेल्या माणसाचे बेट पाहायला मला आवडणारच होते. पण माझ्या मनात लेस्बॉस होते. सॅफोचे बेट. महाविद्यालयात असताना तिच्या कवितांचे तुकडे मी इंग्रजीतून वाचले होते, आणि जे कवित्व तुकड्यांतूनही जिवंत राहते त्याची भूमी कशी असेल याचे कुतूहल तेव्हापासूनचे. म्हणून मी त्या बेटाची चित्रे काढून पाहू लागलो, आणि एका चित्रापाशी थांबलो.

बेटाच्या उत्तरेस मोलिव्होस नावाचे सुरेख गाव आहे. किल्ला आहे, लाल कौलांची घरे आहेत. त्या गावाबाहेरच्या टेकड्यांत कचरा टाकण्याची जागा आहे. चित्रात ती सगळी जागा नारिंगी दिसत होती. झेंडूची रास ओतल्यासारखी. नीट पाहिले तेव्हा कळले की ती पाण्यात बुडू नये म्हणून अंगात घालायची जाकिटे आहेत, हजारोंनी, आणि मधूनमधून फाटलेल्या रबरी होड्यांची काळी कातडी. 2015 साली दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रमार्गे युरोपात उतरली. सीरियातून, अफगाणिस्तानातून, इराकातून. त्यांतली सुमारे पाच लाख या एका बेटावर. तुर्कस्तानचा किनारा त्या बाजूने जेमतेम दहा किलोमीटर. उतरल्यावर त्यांनी जाकिटे किनाऱ्यावरच टाकली आणि गावकऱ्यांनी ती गोळा करून टेकडीत नेऊन ओतली. त्या वर्षी भूमध्य समुद्रात साडेतीन हजारांहून जास्त माणसे मेली वा बेपत्ता झाली. काही जाकिटे तर नकली होती. तरंगण्याचा पदार्थ न भरता पाणी पिणारा स्पंज भरलेली. बुडणाऱ्याच्या अंगावर विकलेला स्पंज! व्यापारबुद्धीला सीमा नाही म्हणतात ते ठीक, पण एवढी?

मी नकाशा मिटला. माझ्या मनात त्या वेळी जे आले ते मी लिहितो, कारण त्याचा मला पुढे संशय येऊ लागला. मनात आले की या पाण्यात मौजेने हिंडणे आपल्याकडून होणार नाही.

भाच्याला सांगितले तेव्हा तो रागावला नाही. म्हणाला, "मामा, आपण न गेल्यानं कोण वाचणार आहे? आणि त्या बेटांवरच्या लोकांचं पोट प्रवाशांवरच चालतं. आपण गेलो नाही तर त्यांचंच नुकसान." युक्तिवाद बिनतोड होता. बिनतोड युक्तिवादाने माझे समाधान बहुधा होत नाही.

पण मग मला 'रामदास' बोट आठवली. 17 जुलै 1947, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट मुंबईच्या तोंडाशी उलटली. सातशेच्या आसपास माणसे होती, सहाशेवर गेली. माझे वडील तेव्हा गिरगावात राहत होते. त्यानंतर त्यांनी रेवसची बोट कधी घेतली नाही. अलिबागला जायचे तर पनवेलवरून, एस. टी.ने, अर्धा दिवस घालवून. आम्ही मुले मात्र पुढे त्याच पाण्यावरून हसत-खिदळत मांडव्याला गेलो, भेळ खात. आम्ही काही पाप केले असे मला आजही वाटत नाही. मग हिशेब काय समजायचा? पाणी किती वर्षांनी निर्दोष होते? वडिलांचे न जाणे हे शोकाचे होते, त्यांच्या ओळखीची माणसे त्या बोटीत होती. माझा भूमध्य समुद्राशी कसला शोक? ज्या मृतांची नावे मला माहीत नाहीत त्यांचे सुतक मी कोणत्या नात्याने धरणार?

सुतक हा शब्द लिहिला आणि मी चपापलो. आपल्या धर्मशास्त्राने समुद्रप्रवास निषिद्ध मानला होता. बौधायनाने पतनीय कर्मे सांगताना समुद्रसंयान पहिले सांगितले. पुढच्या ग्रंथकारांनी ते कलिवर्ज्यात घातले, आणि एकोणिसाव्या शतकात विलायतेहून परतलेल्या माणसाला जातीत घ्यावे की नाही यावर पुण्यामुंबईत केवढे रणकंदन माजले! त्या निषेधात समुद्रापलीकडच्या माणसांचे काय होते हा प्रश्न कुठेच नव्हता. आपण विटाळू नये एवढीच चिंता. माझा नकार तरी निराळा होता काय? दुसऱ्याच्या दुःखाने माझे सुख ओवळे होईल, म्हणून मी सोवळ्यात राहणार. निषेध नवा, सोवळे तेच. मला माझ्या सदसद्विवेकाचा वास आला, आणि तो पणजोबांच्या पाटावरचा होता.

रोमन कवी लुक्रेशिअस याने एके ठिकाणी म्हटले आहे की वादळात सापडलेल्याला किनाऱ्यावरून पाहण्यात एक सुख असते. त्याच्या दुःखाचे नव्हे, तर आपण त्यात नाही याचे. त्याला लोकांनी निर्दय म्हटले. मला तो निदान प्रामाणिक वाटतो. घरी बसून, वर्तमानपत्र वाचून, हळहळून मी जे करतो ते किनाऱ्यावरूनच पाहणे आहे. फरक इतकाच की मी ते सुख मान्य करीत नाही.

मग करारनामा आला. तेवीस पाने, बारीक अक्षरे. सौभाग्यवतीला आणि बहिणीला समजावा म्हणून मी त्याचा मराठीत गोषवारा करायला बसलो. डागडुजी, अनामत रक्कम, इंधन, रात्री बोट चालवू नये वगैरे. त्यात एक कलम होते: दुसऱ्या नौकेला ओढून नेऊ नये, संकटसमय वगळून. मी ते भाषांतरित केले, आणि पुढचे कलम मला त्या दिवशी सुचेना.

समुद्राचा कायदा मोठा चमत्कारिक आहे. टायटॅनिक बुडाल्यावर 1914 साली समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. 1982 च्या सागरी कायद्याच्या कराराचे 98वे कलम तेच सांगते. समुद्रात कोणी बुडण्याच्या संकटात दिसला तर नौकेच्या कप्तानाने त्याला साहाय्य केलेच पाहिजे, मात्र स्वतःची नौका, खलाशी आणि प्रवासी यांना गंभीर धोका न आणता. तो कोण, कुठला, कशासाठी निघाला, त्याच्याजवळ कागदपत्रे आहेत की नाहीत, यांतले काही विचारायचे नाही. 14 जून 2023 रोजी ग्रीसच्या पायलॉस गावाच्या नैऋत्येस, सुमारे पन्नास सागरी मैलांवर, 'आद्रिआना' नावाची मासेमारीची जुनी बोट बुडाली. तिच्यात साडेसातशेच्या आसपास माणसे कोंबली होती. पाकिस्तानी, सीरियन, इजिप्शियन. वाचली 104. त्या रात्री जवळपास एका अतिश्रीमंताची विलासनौका होती. तिला हाक गेली, ती आली, आणि वाचलेल्यांपैकी शंभर जणांना तिने कालामाताच्या बंदरात पोचवले. मौजेसाठी बांधलेली नौका! ती त्या पाण्यात मौज करीत नसती तर अधिक नैतिक झाले असते काय?

तेव्हा जावे की न जावे हा प्रश्न मी चुकीचा मांडला होता. मी भाच्याला विचारले, "समज, आपल्याला अशी होडी दिसली. पन्नास माणसं. तू काय करशील?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, पन्नास माणसं एकदम एका बाजूनं चढली तर आपली बोटही जाईल. मी सोळा नंबरच्या चॅनेलवर हाक देईन. वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबेन. जाकिटं टाकीन, दोर टाकीन. लहान मुलं आधी घेईन. किती घेईन ते मला आत्ता सांगता येत नाही. माझी पोर बोटीवर असणार आहे."

याहून चांगले उत्तर मी दिले नसते. आणि तो खोटे बोलला नाही याचा मला अभिमानही वाटला. आमच्या कोळ्यांत अशा माणसाला तांडेल म्हणतात.

पण फोन ठेवल्यावर तो कायदा मला सोडीना. पाण्यावर जे कर्तव्य, ते जमिनीवर का नसावे? जर्मनीत संकटात सापडलेल्याला शक्य असून मदत न करणे हा गुन्हा आहे असे भाचा सांगतो. आपल्याकडे वाटसरूवर तसे सर्वसामान्य बंधन नाही. अपघातातल्या माणसाला उचलणाऱ्याला कोणी छळू नये, एवढे संरक्षण आहे. मला वाटते कारण सरळ आहे. समुद्रावर तुमच्याशिवाय दुसरे कोणी नसते. जमिनीवर नेहमी दुसरे कोणीतरी असते: महापालिका असते, पोलीस असतात, संस्था असतात, आणि आमच्या देवनारात तर समाजसेवा शिकवणारी एक नामवंत संस्थाच 1954 पासून आहे. त्या सगळ्यांच्या गर्दीत माझी पाळी कधी येतच नाही.

2016 च्या जानेवारीत आमच्या डोंगराला आग लागली. धूर कित्येक दिवस होता. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आम्ही खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या आणि सोसायटीच्या सभेत एक अर्ज तयार केला: डम्पिंग तत्काळ बंद करावे. मसुदा माझा होता. लोकांनी भाषेची तारीफ केली. सही घ्यायला मी स्वतः चार मजले हिंडलो. डोंगराच्या पायथ्याशी ज्या वस्त्या आहेत, जेथली बायामुले त्या कचऱ्यातून काच, पत्रा आणि प्लास्टिक वेचून पोट भरतात, तेथे मी गेलो नाही. तेथल्या घरांना बांधायला खिडक्या नव्हत्या. आणि डोंगर बंद झाला तर ती माणसे काय करतील हे अर्जात कुठेच नव्हते. मला ते सुचलेच नाही, असे लिहिले तर खरे होणार नाही. सुचले होते. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी त्या आठवड्यात विचारले होते, "काका, बंद झालं तर माझ्या जावेनं कुठं जायचं?" मी म्हणालो होतो, सरकार काहीतरी करील.

मोलिव्होसच्या टेकडीने मला चार हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरून गाठले, आणि हा डोंगर तीस वर्षे माझ्या पाण्याच्या आड उभा आहे. अपरिचयाने माणसाला धक्का बसतो, परिचयाने बसत नाही, असे म्हणून मी स्वतःला सोडून देऊ शकेन. परवा दुपारी घाटकोपर-मानखुर्द रस्त्याने रिक्षातून येत होतो. पाठीवर गोणी घेतलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी रस्ता ओलांडायला थांबली होती. रिक्षावाल्याने भोंगा वाजवला, ती मागे सरली, आम्ही पुढे आलो. भाच्याची मुलगी तेवढीच आहे. घरी येऊन मी तो जुना अर्ज कपाटातून काढला. त्याच्या खाली दुसरा अर्ज लिहायला घेतला आहे. या वेळी भाषा जमत नाही, आणि भांडीवाल्या बाईंना वाचून दाखवल्याशिवाय तो कोणाला द्यायचा नाही असे ठरवले आहे. त्याचे काय होईल ते मला माहीत नाही.

ग्रीसला आम्ही जाणार आहोत. अनामत रक्कम गेली. लेस्बॉस मार्गात नाही. वाऱ्यामुळे नाही, वेळेमुळे. बहिणीने सामानाची यादी केली आहे: मेतकूट, भाजणी, उलटीवर आवळासुपारी, तिच्या एकादशीचे साबुदाणे. यादी मला तपासायला दिली तेव्हा मी शेवटी एक ओळ वाढवली: तरंगणारा दोर, तीस मीटर. भाच्याने विचारले, "कशाला? बोटीवर दोर असतात." मी म्हटले, असू दे. काल त्याने कळवले की असा दोर पिवळ्या रंगात मिळतो आणि तो हाम्बुर्गहून घेऊन येईल. विमानात आमचे वजन भाजणीनेच भरणार आहे.