गाडी तीच, कार्बोरेटर नवा

माणसाला मूलभूत प्रश्न साधारणपणे दोनच ठिकाणी पडतात. एक स्मशानात आणि दुसरं गॅरेजमध्ये. स्मशानात पडलेले प्रश्न घरी येऊन आंघोळ केली की निघून जातात. गॅरेजमधले मात्र हाताला लागलेल्या ग्रीससारखे असतात. साबण संपतो, ते जात नाहीत.

आमच्या एका स्नेह्यांकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली. ‘घेतलेली’ हा शब्दसुद्धा तसा अपुराच. त्या काळी गाडी विकत घेत नसत, तिची वाट बघत. नंबर लावायचा आणि वर्षं मोजत बसायचं. ही मूळची इटलीच्या फियाट ११०० ची कुर्ल्यात वाढलेली लेक. आधी फियाट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. म्हणजे आमच्याकडे मुलीचं नाव लग्नानंतर बदलतात, हिचं वरमाला पडायच्या आतच दोनदा बदललं. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, आणि पुढच्या लांबलचक सीटवर तिघं बसले तरी चौथ्याला ‘या, या’ म्हणण्याइतकी ऐसपैस वृत्ती.

तर या गाडीचा कार्बोरेटर गेला. म्हणजे एकदम गेला नाही, म्हाताऱ्या माणसासारखा हळूहळू गेला. सिग्नलला उभी राहिली की बंद पडायची. चढावर धाप लागायची. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, थ्रॉटलची दांडी बोटांनी हलवून बघितली आणि निदान केलं, ‘‘शाफ्टला खेळ आलाय साहेब. हा आता बाजूनं हवा खातोय. नवीन टाका.’’

‘‘नवीन?’’ स्नेही असे दचकले, की मिस्त्रींनी जणू वडीलच बदलायला सांगितले. ‘‘अहो मिस्त्री, हा ओरिजिनल आहे! बाबांच्या वेळचा! हा काढला तर ती बाबांची गाडी राहील का?’’

मिस्त्री बिडी पेटवायला बाहेर गेले. पेट्रोल आणि तत्त्वज्ञान यांच्याजवळ बिडी ओढू नये, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

पण प्रश्न राहिलाच. गाडी म्हणजे नक्की काय? टायर तर तिनं कितीतरी वेळा बदलले. बॅटऱ्या बदलल्या, क्लचप्लेट बदलली, सीटची कव्हरं बदलली, रंगसुद्धा पांढऱ्याचा आकाशी झाला. तेव्हा कुणाला सुतक पडलं नाही. मग कार्बोरेटरपाशीच एवढा गहिवर का?

ही शंका फार जुनी आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसिअस या वीराचं जहाज जपून ठेवलं होतं. फळी कुजली की नवी बसवत. शेवटी हे जहाज तेच की दुसरं, यावर तत्त्वज्ञांचे तंटे लागल्याचं प्लुटार्कनं लिहून ठेवलंय. पण आपल्याकडे यायला जहाजच हवं असं नाही. मिलिंद राजा भिक्षू नागसेनाकडे रथातून गेला, तेव्हा नागसेनानं त्याला विचारलं, ‘महाराज, चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का?’ राजा प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणाला. मग रथ कुठाय? शेवटी राजाला कबूल करावं लागलं, की हे सगळे भाग एकत्र आले की आपण त्याला ‘रथ’ हे नाव देतो, एवढंच. राजा असल्यामुळे पायी परत जायची पाळी मात्र आली नसावी.

सरकारनं हा प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवलाय. सरकारच्या मते गाडी म्हणजे चासी नंबर. २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याचा नियम निघाला. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. म्हणजे आत्मा कुठे असतो हे उपनिषदांना सांगायला जड गेलं, ते परिवहन खात्यानं पत्र्यावर ठोकून ठेवलंय.

आमच्या स्नेह्यांच्या पत्नीला मात्र नागसेनही नको होता आणि परिवहन खातंही नको होतं. चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, ‘‘सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेल्या वर्षी नवीन बसवले. त्या काय दुसऱ्याच कुणी झाल्या?’’ आणि क्षणभर थांबून, ‘‘मला थोडी आशा होती.’’

शेवटी नवा कार्बोरेटर आला. जुना रॉकेलनं धुऊन, फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात गेला. आता एखाद्याला वाटेल, जुना काढला, नवा लावला, चार नट आवळले की झालं. तसं नसतं. खाली नवीन पॅकिंग घालावं लागतं, नाहीतर नवा पाहुणाही जुन्यासारखाच चोरून हवा खातो. आणि त्याहीआधी प्लग साफ करायचे, पॉइंटमधलं अंतर बघायचं, टायमिंग तपासायचं. ‘‘पहिलं बाकीचं घर आवरा,’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘मग सुनेच्या चुका काढा.’’ दोष विजेचा असतो आणि शिव्या कार्बोरेटर खातो, हे त्यांचं आयुष्यभराचं निरीक्षण.

हे यंत्रही मोठं मजेदार आहे. त्यात एक अरुंद गळा असतो. हवा त्या गळ्यातून जाताना घाई करते, घाईत तिचा दाब कमी होतो, आणि त्या ओढीनं जेटमधून पेट्रोलचा फवारा उडतो. कुणी कुणाला ढकलत नाही. एक जण जागा सोडतो म्हणून दुसरा पुढे येतो. लोकलच्या दारात हे तत्त्व अजून पोचलेलं नाही. चौदा-पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल, वजनानं, असं साधारण जमलं पाहिजे. पेट्रोल कमी पडलं तर गाडी खोकते आणि तापते. जास्त झालं तर काळा धूर सोडते आणि प्लग काजळीनं माखतात. कंजूषपणा आणि उधळपट्टी या दोन्हींची शिक्षा इतक्या ताबडतोब दुसरीकडे कुठे मिळत नाही.

मिस्त्रींनी इंजिन नीट तापू दिलं. मिश्रणाचा स्क्रू आधी हलक्या हातानं पूर्ण बंद करून दीड फेरा सोडलेलाच होता. आता तो पाव-पाव फेरा फिरवत ते कान देऊन ऐकू लागले. आवाज चढला, गोल झाला, पुन्हा घोगरा झाला, तेवढंच मागे. मग दुसऱ्या स्क्रूनं रेस कमी केली. मग परत पहिला. तंबोरा जुळवावा तसं चाललं होतं. मध्येच त्यांनी मान वर करून विचारलं,

‘‘साहेब, हिला न्यायची कुठं असते? त्या हिशेबानं लावतो.’’

‘‘कुठं म्हणजे... वर्षातून एकदा जुन्या गाड्यांच्या रॅलीला. बाकी गॅरेजातच असते. कव्हर घालून.’’

मिस्त्रींनी स्क्रूवरचा हात काढला नाही, पण फिरवायचे थांबले. ‘‘तुमचे वडील रात्री दोनला मला उठवायचे. कॉलनीतल्या कुणाची तरी बाई अडलेली असायची आणि ही चालू होत नसायची. या गाडीतून किती पोरं जन्माला गेली असतील!’’

यावर कुणी काही बोललं नाही. इंजिन तेवढं छान एका लयीत चाललं होतं.

मला वाटतं, प्रश्नाचं उत्तर तिथेच कुठेतरी होतं. नागसेनाचाच आणखी एक दृष्टान्त आहे. एकानं दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले आणि बचाव केला, की मालकानं जमिनीत लावला तो आंबा वेगळा, मी नेले ते आंबे वेगळे. राजालासुद्धा हा बचाव पटला नाही. कोयीतला कण न् कण बदलला तरी जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे चालत येते. ‘तेच’ असणं हे भागांत नसतं, ते देण्याघेण्यात असतं. पंढरीच्या वारीत तीनशे वर्षांपूर्वीचं एकही माणूस आज चालत नाही, तरी वारी तीच. गणपती दरवर्षी नवा, विसर्जनाला डोळ्यांत पाणी दरवर्षी तेच. आणि उलट एखाद्या वाड्याची वीट न् वीट शाबूत असते, फक्त दार कुणाला उघडत नाहीत. त्या वाड्याचं काय राहिलं ते तुम्हीच सांगा.

म्हणून मूळचा भाग जपला की मूळची वस्तू जपली, हा हिशेब मला तितकासा पटत नाही. त्या पद्मिनीतला एक भाग खरोखरच हरवला होता आणि तो कार्बोरेटर नव्हता. मधल्या काळात अँब्युलन्स आल्या, फोनवर बोलावता येणाऱ्या टॅक्सी आल्या, हे खरं. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये हद्दपार झाल्या. जमाना बदलला तर गाडीनं काय करावं? पण कॉलनीतल्या म्हाताऱ्यांना आठवड्यातून एकदा बँकेत किंवा देवळात जायचंच असतं आणि त्यांना त्या लांबलचक सीटवर चढणं अजून सोपं पडतं. तिघं बसतात. चौथ्याला ‘या’ म्हणता येतं.

हे मी स्नेह्यांना सुचवलं आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. सीटची नवी कव्हरं मळतील अशी त्यांना धास्ती आहे. कव्हरं मूळची नाहीत, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं. ते विचार करताहेत.