गाठ सोडण्याचा हक्क

युरोप-अमेरिकेत अलीकडे स्त्रियांसाठी एक वेगळीच शिबिरं भरतात. दोन-तीन दिवस रानात किंवा नदीकाठी राहायचं, सकाळी श्वसनाचे व्यायाम करायचे, अनवाणी चालायचं आणि मग तागाच्या दोराने एकमेकींना किंवा स्वतःलाच बांधायचं. या बांधण्याला शिबारी म्हणतात. माहितीपत्रकात ‘प्राचीन जपानी साधना’ असं छापलेलं असतं. ऐकताच आपल्याकडच्या बहुतेक बायकांच्या कपाळाला आठ्या पडतील. बाईला बांधून ठेवण्याची आपल्याला सवयच आहे. तिने पैसे मोजून बांधून घ्यावं आणि त्याला आरोग्य म्हणावं, हे कसं पचनी पडायचं? पण हा विषय हसण्यावारी नेऊ नये. तिथे जाणाऱ्या बायका काही दूधखुळ्या नाहीत. त्यांच्या हाती काहीतरी लागत असणार, आणि ते समजून घेण्याआधी या दोराचा पूर्वेतिहास सांगायला हवा, कारण माहितीपत्रकात तो नसतो.

एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या अडीच शतकांत, जपानी शिपाई कैद्याला दोराने जेरबंद करत. त्या विद्येचं नाव होजोजुत्सु. कैदी कोणत्या दर्जाचा आहे त्यावर बांधण्याची तऱ्हा ठरे, म्हणजे माणूस कोण हे दोरावरूनच बघ्यांना कळे. शिक्षा, यातना आणि चारचौघांत मानहानी ही या दोराची कामं होती. पुढे सेइउ इतो (1882–1961) या चित्रकाराने तो आपल्या कलेत आणला. योशितोशी या चित्रकाराच्या 1885च्या एका छापचित्रात एका गर्भवतीला उलटं टांगलेलं आहे आणि खाली एक म्हातारी सुरीला धार लावते आहे. इतोने आपल्या गर्भवती पत्नीला तसंच टांगून छायाचित्र काढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘कितान क्लब’सारख्या मासिकांतून हा प्रकार पुरुष वाचकांच्या करमणुकीसाठी पसरला. बांधणारा बहुधा पुरुष, बघणारा पुरुष आणि दोरात बाई.

ही गोष्ट फार जुनीही नाही. दोराने बांधलेल्या स्त्रियांच्या छायाचित्रांमुळे जगभर नाव झालेले नोबुयोशी अराकी यांच्याबरोबर अनेक वर्षं काम केलेल्या एका मॉडेलने 2018 साली जाहीरपणे लिहिलं, की आपल्याशी कधी लेखी करार झाला नाही आणि आपली छायाचित्रं कुठे, कशी वापरली जावीत यात आपल्याला काही बोलता आलं नाही. छायाचित्रं कलादालनांत लागली होती, त्यांची पुस्तकं निघाली होती.

मग ‘प्राचीन’ आणि ‘साधना’ हे शब्द आले कुठून? जपानमध्ये पूज्य दोर आहेच, पण तो वेगळा. शिंतो देवळांवर, जुन्या वृक्षांभोवती, खडकांभोवती भाताच्या पेंढ्याचा पिळदार दोर बांधतात, त्याला शिमेनावा म्हणतात. इझुमोच्या देवस्थानातल्या कागुरादेन या दालनावरचा शिमेनावा तेरा मीटरांहून लांब आणि पाच टनांहून जड आहे. 712 सालच्या ‘कोजिकी’ ग्रंथातली कथा अशी, की सूर्यदेवी आमातेरासू घाबरून गुहेत जाऊन बसली आणि जगात अंधार पसरला. देवांनी युक्तीने तिला बाहेर काढलं आणि लगेच तिच्यामागे दोर ताणला. आता मागे जायचं नाही, असं तिला सांगितलं. तो दोर देवीच्या अंगाला लागला नाही. झाडाभोवतीच्या दोरालाही कुणाला लटकावत नाहीत. ही जागा पवित्र आहे, एवढंच तो सांगतो.

रानाचं म्हणाल तर तेही असंच जोडलेलं आहे. ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, हा जपानच्या वनखात्याने 1982मध्ये पुढे आणलेला कार्यक्रम. नागानो प्रांतातल्या आकासावाच्या हिनोकी वृक्षांच्या रानात त्याचा आरंभ झाला. पुढे डॉक्टरांनी रक्तदाबावर, ताणावर त्याचा काय परिणाम होतो ते तपासलं. शिपायांचा दोर, देवळाचा दोर आणि वनखात्याचं रान अशी तीन सुटी माणकं एका माळेत ओवून आज स्त्रियांपुढे ठेवली जातात. माळ नवी आहे एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. तिला जुनी म्हणून विकणं मात्र खोटं आहे.

आता प्रत्यक्ष बांधणं कसं असतं ते पाहू. दोर साधारण सहा मिलिमीटर जाड आणि सात-आठ मीटर लांब. ज्या तागाचा तो वळतात तो बंगाल आणि बांगलादेशातलं पीक. दोर मधोमध दुमडतात. दुमडीची कडी मनगटाभोवती फिरवून दुहेरी दोराचे वेढे शेजारी-शेजारी सपाट बसवतात, एकावर एक चढू देत नाहीत. वेढ्याखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. गाठ अशी मारतात, की ओढ बसली तरी ती फासासारखी आवळत जाऊ नये. चांगली शिकवणारी दर वेढ्यानंतर थांबते आणि विचारते: मुंग्या येतात का? पंजा मागे उचलून दाखव. पुढे जाऊ का, की सोडू?

हे विचारणं नुसतं सौजन्य नाही. दंडाच्या हाडाला लागून जाणारा रेडियल मज्जातंतू दोराखाली दाबला गेला तर पंजा मनगटातून लुळा पडू शकतो आणि पूर्ववत व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. आधी दुखेलच असंही नाही. म्हणून बोथट टोकाची कात्री हाताशी असावी लागते. फांदीला लटकण्याचा प्रकार तर नवशिक्यांनी करूच नये, आणि दवाखाना तासभर दूर असलेल्या रानात तर मुळीच नाही.

अंगावर घट्ट, सारखा दाब पडला की काहींना स्वस्थ वाटतं, हे शास्त्राला नवं नाही. टेंपल ग्रँडिन या स्वमग्न असलेल्या अमेरिकन पशुशास्त्रज्ञ बाईंनी तरुणपणी गुरांना धरून ठेवणारा पिंजरा पाहिला, त्यात गुरं शांत होताना पाहिली आणि स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं. 1992मध्ये त्यावर शोधनिबंधही लिहिला. त्या यंत्रातली एक बाब मला फार मोलाची वाटते. दाब किती हवा आणि कधी थांबवायचा याची कळ आत बसलेल्या माणसाच्याच हातात होती.

माझ्या मते या शिबिरांतून परतणाऱ्या बायकांना जे मिळतं ते इथेच आहे. घरी, कचेरीत, गर्दीच्या गाडीत बाईच्या अंगाला होणारा स्पर्श बहुधा न विचारता होतो. इथे कुणीतरी दर वेढ्याला विचारतं आणि ती ‘सोड’ म्हणाली की हातातलं काम तिथेच थांबतं. दिवसभर सगळ्यांचं सगळं सांभाळणाऱ्या बाईला घटकाभर काहीच करावं लागत नाही, आणि तरी शेवटचा शब्द तिचाच. त्याचा आराम खरा आहे. इतोच्या आणि त्या मासिकांच्या दोरात नेमकं हेच नव्हतं. म्हणून तो इतिहास झाकून ठेवणाऱ्या शिबिरांवर माझा विश्वास बसत नाही. ज्या दोराने माणसाचं ‘नाही’ हिरावून घेतलं जात असे त्याच दोरावर आपण ते परत मिळवतो आहोत, हे बाईला कळलंच नाही तर तिच्या हाती फक्त सुंदर छायाचित्रं उरतील, आणि तीही बहुधा दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये.

परदेशातलं आपल्याकडे यायला हल्ली वेळ लागत नाही. उद्या मुळशीच्या किंवा कर्जतच्या एखाद्या फार्महाऊसवर असं शिबिर भरलं आणि तुम्हाला किंवा तुमच्या लेकीला जावंसं वाटलं, तर जरूर जा. जाण्याआधी चार गोष्टी विचारा: शिकवणारी कोण आणि कुणाकडे शिकली, कात्री कुणाजवळ असेल, जवळचा दवाखाना किती दूर, आणि छायाचित्रं कोण काढणार. या प्रश्नांचा जिला राग येईल तिच्या हाती आपलं मनगट देऊ नका.